न्यूटनच्या गावी पहिल्यांदा जाताना

ग्रँथम स्टेशनबाहेर टॅक्सीत बसल्यावर नुसतं 'वूल्सथॉर्प' म्हणू नका. मी म्हटलं होतं. थोड्या वेळाने समोरच्या टेकडीवर भलामोठा किल्ला दिसायला लागला, तेव्हा शंका आली. न्यूटनचं घराणं तर शेतकऱ्याचं, इथे उमरावाचा थाट कुठून आला? लिंकनशायरमध्ये ग्रँथमच्या आसपास वूल्सथॉर्प नावाची दोन गावं आहेत. एक पश्चिमेला, बेल्व्हॉर किल्ल्याच्या पायथ्याशी (स्पेलिंग काहीही सांगो, उच्चार 'बीव्हर' असा करतात). दुसरं दक्षिणेला, कोल्स्टरवर्थला लागून. आयझॅक न्यूटन जन्मला ते हे दुसरं. म्हणून टॅक्सीवाल्याला 'कोल्स्टरवर्थजवळचं वूल्सथॉर्प, न्यूटनचं घर' असं पूर्ण सांगायचं. मोबाइलवर रस्ता शोधत असाल तर पोस्टकोडची सुरुवात बघा. एनजी३३ असेल तर बरोबर, एनजी३२ आला तर तुम्ही किल्ल्याकडे निघालात. चूक माझीच होती, पण भाडं दोन्हीकडचं गेलं.

ज्या घरात जायचं त्याचं नाव वूल्सथॉर्प मॅनर. नाव भारदस्त आहे, घर तसं नाही. चुनखडीच्या दगडाचं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं खात्यापित्या शेतकऱ्याचं घर, शेजारी गोठे-कोठारं आणि पुढे सफरचंदांची बाग. न्यूटनच्या आजोबांनी ते १६२३ साली घेतलं. १९४३ पासून ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि देखभाल, तिकीट, माहिती सगळं तीच बघते.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. जागा लहान आहे. भराभर पाय उचलणारा माणूस अर्ध्या तासात सगळं उरकून कॅफेत जाऊन बसतो आणि 'एवढंच?' म्हणतो. या घरात डोळे दिपवणारं सामान नाही, बागेत फुलांचे ताटवे नाहीत. इथे कुठे काय घडलं हे माहीत असेल तर तीन तास पुरत नाहीत. म्हणून पुढे वाटेइतकंच 'काय बघायचं' हेही सांगतोय.

कधी जायचं

झाडासाठी जाणार असाल तर दोनच मोसम. एप्रिलचा शेवट ते मे हा मोहराचा काळ, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी फांद्या झाकलेल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळं असतात, आणि गवतात पडलेलं सफरचंद बघायची हौस असेल तर हेच दिवस. फक्त घर बघायचं असेल तर हिवाळ्यात गर्दी कमी असते, पण झाड उघडं-बोडकं दिसतं आणि दिवस चार वाजताच मावळतो.

घर रोज उघडं नसतं. आठवड्यातले काही दिवस बंद, हिवाळ्यात वेळ कमी, शिवाय बाग आणि घर उघडण्याच्या वेळा वेगळ्या असू शकतात. हे दर मोसमाला बदलतं, म्हणून ट्रस्टच्या संकेतस्थळावर आपल्या तारखेचं पान उघडून बघा, मगच रेल्वेचं तिकीट काढा. उलटं केलंत तर पस्तावाल. गंमत म्हणजे, न्यूटनच्या वाढदिवशी त्याच्या घरी जाता येत नाही. २५ डिसेंबरला नाताळची सुट्टी.

हा वाढदिवसही जरा गुंत्याचा आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती युरोपातल्या नव्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे. त्यामुळे गावच्या हिशेबाने जन्म २५ डिसेंबर १६४२, आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३. पुस्तकांत दोन्ही तारखा सापडतात, चूक कुठलीच नाही.

पोहोचायचं कसं

लंडनहून सोपं आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनवरून उत्तरेकडे जाणारी गाडी धरा, सव्वा तासाच्या आसपास ग्रँथम येतं. मात्र त्या मार्गावरच्या सगळ्याच जलद गाड्या ग्रँथमला थांबत नाहीत, थांबा आहे का ते तपासा. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट फक्त त्याच गाडीला चालतं, म्हणून जाताना ते घ्या आणि परतीसाठी जरा मोकळीक देणारं घ्या. केंब्रिजहून येणार असाल तर पीटरबरोला गाडी बदलायची. न्यूटन १६६१ च्या जूनमध्ये इथून केंब्रिजला शिकायला गेला तेव्हा त्याला तीन दिवस लागले होते, वाटेत दोन मुक्काम करून.

ग्रँथमपासून पुढे साधारण १३ किलोमीटर. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, रविवारी तर तिच्या भरवशावर राहूच नका. टॅक्सी सोयीची. जातानाच परतीची वेळ ठरवून त्याच टॅक्सीवाल्याला सांगून ठेवा. गावात हात दाखवून टॅक्सी थांबवायची सोय नाही, आणि संध्याकाळी पाच वाजता लिंकनशायरच्या गल्लीत फोन कानाला लावून उभं राहणं हा काही सहलीचा भाग नव्हे. स्वतःची गाडी असेल तर ए१ महामार्गावरून कोल्स्टरवर्थला बाहेर पडायचं, घर तिथून अगदी जवळ आहे. आवारात गाडी लावायला जागा आहे.

बूट चिखलाचे घाला. बाग म्हणजे गवत, आणि गवत बहुतेक वेळा ओलंच.

तिकिटाच्या खिडकीवर

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. खिडकीवरची व्यक्ती हसून विचारते, 'गिफ्ट एडसह देऊ का?' म्हणजे तिकिटात थोडी देणगी मिळवायची आणि त्यावर संस्थेला सरकारकडून कराची रक्कम परत मिळते. पण हे फक्त ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही भारतातून फिरायला आला असाल तर 'नको, साधं तिकीट द्या' म्हणा. त्यात काही कंजूषपणा नाही. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि वर्षभरात अशी चार-पाच ठिकाणं बघणार असाल तर वार्षिक सभासदत्व स्वस्त पडतं, त्यात प्रवेश मोफत.

पाठीवरची मोठी पिशवी घरात नेऊ देत नाहीत, खोल्या अरुंद आहेत. फ्लॅश न वापरता फोटो काढायला सहसा हरकत नसते. वरच्या मजल्याचा जिना जुन्या घरांचा असतो तसा उभा आहे. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना घेऊन जात असाल तर खालचा मजला आणि बाग एवढंच ठरवून जा, तेही पुष्कळ आहे.

घर आधी, झाड नंतर

बहुतेक लोक आत शिरल्याशिरल्या झाडाकडे धावतात. मी उलटं सांगेन. आधी घर बघा.

खालच्या मजल्यावर दालन आणि स्वयंपाकघर. दालनात चुलाण्याजवळच्या भिंतीकडे नीट बघा. लहानपणी न्यूटनला भिंतींवर चित्रं कोरायची खोड होती, आणि या घरातल्या भिंतींवर अशा रेघोट्या सापडल्या आहेत. २०१७ साली वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून भिंतीचे फोटो काढण्याच्या तंत्राने चुलाण्यापाशी एक पवनचक्की दिसली. ती छोट्या आयझॅकने कोरली असावी असं मानतात. नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ दिसतच नाही. खोलीतल्या स्वयंसेवकाला विचारा, तो कुठे बघायचं ते बोटाने दाखवतो. हे स्वयंसेवक बहुधा निवृत्त मंडळी असतात आणि कोणी तरी काही विचारावं याची वाटच बघत असतात. 'इथे तुम्हाला सर्वांत आवडणारी वस्तू कुठली?' एवढं विचारून बघा. मी विचारलं आणि वीस मिनिटं जागचा हललो नाही.

वर जन्माची खोली. इथे उभं राहून आठवायची गोष्ट म्हणजे पोर जगेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. बाप तीन महिन्यांपूर्वीच वारलेला, मूल दिवस भरण्याआधी झालेलं आणि इतकं इवलंसं की क्वार्टच्या मापात, म्हणजे सव्वा लिटरहूनही लहान भांड्यात, मावलं असतं असं न्यूटन स्वतःच म्हातारपणी सांगायचा. तीन वर्षांचा असताना आई हॅना हिने शेजारच्या नॉर्थ विदमच्या पाद्र्याशी दुसरं लग्न केलं आणि ती तिकडे राहायला गेली. मुलगा इथे आजीपाशी राहिला. सात-आठ वर्षांनी तो पाद्री वारल्यावर आई तीन सावत्र भावंडांना घेऊन परतली. हा सल किती खोल होता हे न्यूटनने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेल्या आपल्या पापांच्या यादीत दिसतं. आईला आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकण्याची धमकी दिल्याची नोंद त्याने स्वतःच तिथे केली आहे. त्याच सावत्र बापाची, जवळजवळ कोरी राहिलेली एक जाडजूड वही पुढे न्यूटनच्या हाती आली. कागद महाग होता, त्याने ती गणिताला वापरली. कॅल्क्युलस या गणिताच्या शाखेची सुरुवातीची टिपणं त्या वहीत आहेत, ती आता केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे.

मग त्याची स्वतःची खोली. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिजचं विद्यापीठ बंद पडलं आणि बावीस वर्षांचा न्यूटन घरी आला. मध्ये थोडे दिवस परत गेला ते सोडले तर १६६७ च्या वसंतापर्यंत तो इथेच होता. त्या काळात त्याने प्रकाशावर प्रयोग केले. खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र, त्यातून आत आलेला उन्हाचा कवडसा, वाटेत काचेचा लोलक आणि पलीकडच्या भिंतीवर रंगांचा पट्टा. इथपर्यंत शाळेच्या पुस्तकात असतं. न्यूटनला खटकलं ते वेगळंच. छिद्र गोल, सूर्य गोल, मग भिंतीवरचा डाग लांबट का? रुंदीच्या पाचपट लांब का? रंग दिसतात हे आधीही लोकांना ठाऊक होतं, काच उजेडाला रंग चढवते असं म्हणून ते सोडून देत. याने लांबी मोजली, आणि त्या लांबीतून ओळखलं की प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो, म्हणजे रंग काचेने दिलेले नाहीत, ते मुळात उजेडातच होते. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा 'लांबट का' प्रश्न इथे विचारा आणि उत्तर सांगू नका. आवारात मुलांसाठी हाताळून बघायचं विज्ञानदालन आहे, तिथे लोलकाशी खेळताना ती आपणच विषय काढतात.

खोली सोडायच्या आधी खिडकीपाशी जा आणि खाली बागेकडे बघा. कुंपण घातलेलं ते झाड इथून दिसतं.

झाडापाशी

आता खाली उतरा. झाड ओळखायला फलक लागत नाही. विलोच्या काटक्या विणून केलेलं बुटकं कुंपण, आणि आत जमिनीला टेकून मग पुन्हा वर उठलेलं वाकडंतिकडं खोड. जात 'फ्लॉवर ऑफ केंट'. फळ कच्चं खायचं नव्हे, शिजवायचं. मोठं, बेढब, अंगावर कंगोरे, रंग हिरवट-पिवळा आणि त्यावर लाल झाक, आतून पिठूळ. चवीला खास नाही म्हणतात, आणि तोडून बघायला अर्थातच मनाई आहे.

'हे तेच झाड का?' असं प्रत्येक जण विचारतो. उत्तर 'हो' असंच आहे, पण त्याला एक वळण आहे. एकोणिसाव्या शतकात, १८२० च्या सुमारास, वादळात हे झाड आडवं झालं. लोकांनी त्याचं लाकूड नेलं, डब्या केल्या, एक खुर्चीही केली. पण बुंध्याची मुळं पूर्ण तुटली नव्हती आणि पडलेला भाग मातीला टेकून पुन्हा रुजला. आपल्याकडे शेतकरी फांदी वाकवून मातीत दाबतात आणि दाब कलम करतात, तेच इथे वाऱ्याने केलं. आज उभं आहे ते त्याच बुंध्यातून वर आलेलं, म्हणून मूळ झाडाचं वय साधारण चारशे वर्षं धरतात. २००२ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात निवडलेल्या ब्रिटनच्या पन्नास थोर झाडांत याचा नंबर लागला. कुंपण घातलं ते येणाऱ्यांच्या पायांनी मुळांवरची माती दडपायला लागली म्हणून, तेव्हा ते ओलांडून फोटो काढू नका. एक पाऊल मागे घेऊन काढलात तर मागचं घरही फोटोत येतं.

कलमं करून या झाडाची पोरंबाळं जगभर गेली आहेत. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजच्या दारात एक आहे. केंब्रिजच्याच वनस्पती उद्यानातलं एक २०२२ च्या फेब्रुवारीत वादळात पडलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही न्यूटनच्या झाडाची कलमं लावली होती. पुण्याच्या हवेत सफरचंद ते काय टिकणार, तरी आणणाऱ्यांच्या हौसेला दाद द्यावी लागते. आणि २०१० मध्ये या झाडाच्या लाकडाचा एक तुकडा अटलांटिस अवकाशयानातून अंतराळात जाऊन आला, जिथे काही खाली पडतच नाही.

सफरचंद डोक्यावर पडलं का? नाही. तसं न्यूटनने कुठेही सांगितलेलं नाही. फळ पडताना पाहिलं, एवढंच तो सांगत असे, तेही म्हातारपणी. १५ एप्रिल १७२६ ला विल्यम स्टकली नावाचा त्याचा मित्र त्याच्याकडे जेवायला होता. जेवणानंतर दोघं बागेत सफरचंदांच्या सावलीत चहा घेत बसले आणि न्यूटन म्हणाला, गुरुत्वाकर्षणाचा विचार डोक्यात आला तेव्हाही मी असाच बसलो होतो. स्टकलीने हे लिहून ठेवलं. न्यूटन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता, वर्षभराने वारला.

फळ खाली पडतं हे गाईगुरांनाही माहीत असतं. न्यूटनचा प्रश्न होता, ही ओढ किती उंच जाते? फांदीपर्यंत, डोंगरापर्यंत, मग चंद्रापर्यंत का नाही? हे गणित झाडापाशी उभ्याउभ्या करता येतं, आणि माझ्या मते ते केल्याशिवाय इथून निघू नये. फळ देठातून सुटलं की पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतं. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जितके लांब, त्याच्या ६० पट लांब चंद्र. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ कमी होत असेल तर तिथे ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट कमी. आता ४.९ मीटरला ३६०० ने भागा. १.३६ मिलिमीटर येतात. आणि चंद्र सरळ रेषेत निघून न जाता पृथ्वीभोवती वळत राहतो, तेव्हा दर सेकंदाला तो पृथ्वीकडे किती 'पडतो'? साधारण तेवढाच, १.४ मिलिमीटरच्या आत. गवतात पडलेलं सफरचंद आणि दिवसा कधी कधी फिकट दिसणारा चंद्र, दोघंही एकाच हिशेबात. न्यूटनचं पहिलं उत्तर मात्र तंतोतंत जुळलं नव्हतं, कारण त्याने पृथ्वीचा आकार खराहून लहान धरला होता. पुरा सिद्धान्त छापून यायला १६८७ साल उजाडलं. झाडापासून पुस्तकापर्यंत वीसेक वर्षं.

याच जमिनीवर आईने त्याला शेतकरी करायचाही प्रयत्न केला होता. सोळाव्या वर्षी शाळेतून काढून शेतीला लावलं. हा पुस्तक घेऊन कुंपणाखाली बसायचा आणि मेंढ्या दुसऱ्याच्या रानात. १६५९ मध्ये मेंढ्या-डुकरं मोकाट सोडली आणि कुंपण मोडकं ठेवलं म्हणून त्याला दंड झाल्याची नोंद आहे. शेवटी मामा आणि शाळेचे मास्तर मध्ये पडले आणि तो परत शाळेत गेला.

वेळ उरला तर

मॅनरपासून पंधरा-वीस मिनिटं चालत कोल्स्टरवर्थचं सेंट जॉन चर्च आहे. १ जानेवारी १६४३ ला (हीही तारीख जुन्या दिनदर्शिकेची) न्यूटनचा बाप्तिस्मा इथे झाला. लहानपणी त्याने दगडात कोरलेलं सूर्यघड्याळ घराच्या भिंतीतून काढून या चर्चच्या आत बसवलं आहे, तेही ऑर्गनच्या मागे, जिथे ऊन पोहोचायची शक्यताच नाही. चर्च उघडं आहे का ते मॅनरमध्येच विचारून निघा.

ग्रँथमला परतल्यावर गाडीला तासभर असेल तर सेंट पीटर्स हिलवर १८५८ सालचा न्यूटनचा ब्राँझचा पुतळा आहे, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. गावातल्या एका शॉपिंग सेंटरलाही त्याचंच नाव आहे, तिथे स्वच्छतागृह आहे आणि पाऊस आला तर आडोसा. तो शिकला ती किंग्ज स्कूल अजून चालू आहे. खिडकीच्या दगडी चौकटीत त्याने कोरलेलं नाव तिथे आहे, पण शाळा चालू असताना आत सोडत नाहीत, बाहेरून बघून पुढे जायचं.